कधी नाव पाण्यावर, कधी नाव खांद्यावर

कॅनडातील एका अरण्याचा नकाशा आपल्यासमोर पसरला आहे अशी कल्पना करा. नकाशाचे प्रमाण १ : ५०,००० आहे, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर हे जमिनीवरच्या एका किलोमीटरबरोबर. नकाशावर दोन निळी सरोवरे दिसत आहेत आणि त्यांच्यामध्ये बरोबर दोन सेंटिमीटर रुंदीची हिरवी पट्टी आहे. आपण एका सरोवरातून नाव वल्हवीत आलो आहोत. आता दुसऱ्या सरोवरात जायचे आहे. मधला एक किलोमीटर नाव आणि सामान खांद्यावर घेऊन चालायचे. किती वेळ लागेल?

"पंधरा मिनिटे!" असे उत्तर पुष्कळजण देतील. घरापासून शाळा एक किलोमीटरवर असली तर तेवढाच वेळ लागतो ना? पण हे उत्तर चुकीचे आहे. वाट चांगली मळलेली असली तरी सव्वा तास लागतो. आणि त्या वाटेवर कित्येक वर्षांत कोणी कुऱ्हाड-करवत घेऊन फिरकले नसेल, तर चार तास! पंधरा मिनिटांचे चार तास कसे झाले, हेच आपल्याला या लेखात पाहायचे आहे. हा हिशेब नुसता मनोरंजक नाही. तो चुकला तर अन्न संपते, अंधार पडतो, माणसे थकतात आणि थकलेली माणसे चुका करतात. अरण्यात अशी एखादी चूकही जिवावर बेतू शकते.

सरोवरांचा प्रदेश

प्रथम, नाव खांद्यावर घेण्याची वेळ मुळात येतेच का, ते पाहू.

कॅनडाचा जवळजवळ अर्धा भूभाग अतिशय पुरातन खडकांचा बनलेला आहे. यालाच 'कॅनेडियन शील्ड', म्हणजे कॅनडाची ढाल, असे म्हणतात. गेल्या हिमयुगात या ढालीवर बर्फाचा प्रचंड थर होता. काही ठिकाणी त्याची जाडी दोन-तीन किलोमीटर होती. हा थर सरकताना त्याने माती खरवडून नेली, खडकांत खळगे कोरले आणि शेवटी वितळताना वाळू, दगड-गोटे यांचे ढीग वाटेल तेथे टाकले. या ढालीचा दक्षिणेकडील भाग बर्फाखालून मोकळा झाला तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी.

दहा हजार वर्षे आपल्याला फार वाटतात. पण नदीच्या दृष्टीने ती कालची गोष्ट आहे. आपल्या सह्याद्रीतील नद्यांना दऱ्या कोरण्यासाठी लाखो वर्षे मिळाली. कॅनडातील या नद्यांना तेवढी उसंत मिळालेलीच नाही. त्यामुळे तेथील पाणी एका खळग्यात साठते, काठ ओलांडून खडकावरून फेसाळत खाली उतरते, की लगेच पुढच्या खळग्यात साठते. सरोवर, द्रुतवाह, पुन्हा सरोवर, मग धबधबा, पुन्हा सरोवर, अशी ही साखळी चालते. एकट्या ऑन्टॅरिओ प्रांतात अडीच लाखांहून अधिक सरोवरे आहेत, असे तेथील सरकार सांगते.

अशा प्रदेशात पाणी हाच रस्ता असतो. मात्र द्रुतवाह किंवा धबधबा आला, किंवा एका नदीचे खोरे सोडून दुसरीच्या खोऱ्यात जायचे झाले, की नाव काठावर ओढायची, उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि चालू लागायचे. या चालण्याला आणि त्या वाटेलाही 'पोर्टेज' म्हणतात. 'वाहून नेणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले आहे.

भूर्जाच्या सालीची नाव

खांद्यावर घेता येईल इतकी हलकी नाव प्रथम बनविली ती तेथील मूळ रहिवाशांनी. ओजिब्वे, क्री, अल्गॉन्क्विन इत्यादी जमातींचे लोक या कामात निष्णात होते. ते भूर्ज वृक्षाची साल काढीत. आपल्याकडे हिमालयातील भूर्जाच्या सालीवर पोथ्या लिहीत असत. ती भूर्जपत्रे तुम्हाला ऐकून ठाऊक असतील. कॅनडातील भूर्ज हा त्याच कुळातला, त्याच प्रजातीचा भाऊबंद आहे. ही साल पाणी शोषत नाही. ती स्प्रूस वृक्षाच्या मुळांनी शिवायची, आत सीडरच्या लाकडाच्या पातळ बरगड्या बसवायच्या आणि शिवणी राळेने बुजवायच्या, की झाली 'कनू'. वाटेत फुटली तर दुरुस्तीचे सामान अरण्यातच मिळे.

पुढे युरोपीय व्यापाऱ्यांनी ही नाव आणि या वाटा दोन्ही उचलल्या. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार या जलमार्गांवर चालला. त्यासाठी नेमलेल्या नावाड्यांना 'व्हॉयाजर' म्हणत. सामानाचे प्रत्येक गाठोडे ९० पौंडांचे, म्हणजे सुमारे ४१ किलोग्रॅमचे असे आणि नावाडी एका खेपेला अशी दोन गाठोडी नेई! गाठोड्याचा पट्टा तो डोक्यावरून घेई. हिमालयातील भारवाहकही ओझे असेच नेतात. सुपीरिअर सरोवराच्या काठचे 'ग्रँड पोर्टेज' तर साडेतेरा किलोमीटरांहूनही लांब होते. हे नावाडी सगळे अंतर एका दमात तोडीत नसत. थोड्या अंतरावर ओझे ठेवायचे, मागे जाऊन दुसरे आणायचे, मग पुढचा टप्पा, असे ते करीत. मोकळ्या हाताने मागे जाणे हीच त्यांची विश्रांती.

वाट मोडते कशी?

वाट तयार होते ती पावलांनी, आणि पावले थांबली की ती मोडते. कॅनडात हे विशेष लवकर घडते.

पहिले कारण म्हणजे माती. बर्फाने माती खरवडून नेल्यामुळे खडकावर तिचा थर पातळ आहे. तेथील स्प्रूस वृक्षांची मुळे खोल न जाता बशीसारखी पसरतात. जोराचा वारा आला की झाड मुळांच्या बशीसकट उलथते आणि वाटेवर आडवे होते. ४ जुलै १९९९ रोजी अमेरिका-कॅनडा सरहद्दीवरील सरोवरांच्या प्रदेशात असे वादळ झाले की काही तासांत लाखो एकरांवरील झाडे झोपली. जेथे पोर्टेजच्या वाटा होत्या, तेथे खोडांचे ढिगारे उरले.

दुसरे कारण वणवा. जॅक पाइन या झाडाची फळे राळेने घट्ट मिटलेली असतात. आगीच्या उष्णतेने राळ वितळली की ती उघडतात आणि बी सांडते. त्यामुळे जळालेल्या जागी रोपे गवतासारखी दाट उगवतात. इकडे जळून उभी राहिलेली जुनी खोडे पुढील काही वर्षांत एकामागून एक कोसळत राहतात. म्हणून ताजा वणवा परवडला, पण दहा वर्षांपूर्वीचा नको! खाली आडवी खोडे आणि त्यांच्यामधून डोक्याइतकी उंच रोपे, अशा जागी पाऊल टाकणेही कठीण होते.

तिसरे कारण बीव्हर. हा प्राणी ओढ्यावर फांद्या-चिखलाचा बांध घालतो आणि वाटेचा सखल भाग पाण्याखाली जातो. चौथे कारण दलदल. तेथे वाढणारे स्फॅग्नम शेवाळ आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवते. वरून ते हिरव्या गालिच्यासारखे दिसते, पण पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत!

काही ठिकाणी वाटा नियमाने साफ ठेवतात. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या अल्गॉन्क्विन उद्यानात पोर्टेजच्या तोंडाशी पिवळ्या पाट्या लावलेल्या असतात. मात्र ज्या वाटांची निगा कमी राखली जाते त्या तेथील नकाशात वेगळ्या दाखविलेल्या आहेत. याउलट निपिगॉन सरोवराच्या उत्तरेस असलेले वाबाकिमी उद्यान घ्या. सुमारे ८,९०० चौरस किलोमीटर विस्ताराचे हे अरण्य आपल्या सांगली जिल्ह्याहून थोडे मोठेच आहे. आत मोटारीचे रस्ते नाहीत. आगगाडीने काठाशी उतरावे किंवा पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानाने आत जावे लागते. तेथील बहुतेक पोर्टेज जो चालेल त्यानेच साफ करायची, अशी स्थिती आहे. अशा प्रवासाची आखणी कशी करायची, हाच आपला प्रश्न.

विषम संख्यांचा हिशेब

दोन माणसांची एक नाव. नावेचे वजन ३० किलो. तंबू, कपडे, भांडी, अन्न मिळून तीन पाठपिशव्या. वजन सुमारे ७० किलो. म्हणजे एकूण चार ओझी आणि वाहणारे दोघे. एका खेपेत सगळे जाणार नाही. प्रत्येकाला दोन खेपा कराव्या लागतील.

आता मोजा. ओझे घेऊन पलीकडे गेलो, एक किलोमीटर. मोकळे परत आलो, दोन किलोमीटर. दुसरे ओझे घेऊन पुन्हा गेलो, तीन किलोमीटर. म्हणजे दोन खेपांसाठी तिप्पट चाल! तीन खेपा केल्या तर पाचपट, चार केल्या तर सातपट. १, ३, ५, ७... ही विषम संख्यांची मालिका तुमच्या ओळखीची आहे. खेपा 'न' असतील तर चालण्याचे अंतर (२न − १) पट होते. शेवटच्या खेपेनंतर परत यायचे नसते, म्हणून दोनपटीतून एक वजा झाला.

व्हॉयाजर नावाड्यांप्रमाणे टप्पे पाडले तर अंतर कमी होते का? वहीत मांडून पाहा. अंतर तेवढेच राहते. फक्त विश्रांती विभागली जाते. अंतर कमी करण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे ओझ्यांची संख्या कमी करणे. म्हणून अनुभवी प्रवासी सुट्या वस्तू हातात ठेवीत नाही. पातेले, कंदील, काठी, पाण्याची बाटली या वस्तूंचे वजन फार नसते, पण त्या हातात मावल्या नाहीत की एक खेप वाढते, आणि एक खेप म्हणजे दुप्पट अंतराची भर.

नावेच्या वजनाची गोष्टही मोठी गमतीची आहे. १९४४ मध्ये विल्यम हॉफमन हा ग्रुमन विमान कंपनीतील अधिकारी सुटीत लाकूड आणि कॅनव्हासची जड कनू खांद्यावरून वाहताना अगदी बेजार झाला. विमानाचा पत्रा वापरून हलकी नाव का करू नये, असे त्याच्या मनात आले. महायुद्ध संपताच ॲल्युमिनिअमच्या कनू बाजारात आल्या. पुढे १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ महिलेला डु पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत केव्हलार या तंतूचा शोध लागला. केव्हलारच्या नावेचे वजन अवघे १८ ते २० किलोपर्यंत उतरते. मात्र अणकुचीदार खडकांवर वारंवार घासणार असेल तर जाड प्लॅस्टिकची जड नावच बरी पडते. हलकेपणा आणि चिवटपणा यांत निवड करावी लागते.

उलटी नाव खांद्यावर बसविण्यासाठी तिच्या मध्यावर एक आडवी दांडी असते. तिला इंग्रजीत 'योक' म्हणतात. आपल्या बैलाच्या मानेवरचे 'जू' आणि हा 'योक' मुळात एकाच प्राचीन शब्दाची रूपे आहेत. हे जू नावेच्या गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे बसवितात. त्यामुळे मागची बाजू थोडी जड होते, पुढचे टोक वर उचलले जाते आणि वाहणाऱ्याला पुढची वाट दिसते.

नकाशा काय दाखवतो आणि काय लपवतो

वाट माहीत नसली तरी ती कोठे असावी, याचा तर्क नकाशावरून करता येतो. वाट काढणारा माणूसही आपल्यासारखाच ओझ्याने वाकलेला होता. त्याने कमीत कमी चढ असलेली जागा निवडली असणार. म्हणून दोन सरोवरांमधील सर्वांत सखल खिंड समोच्चरेषांवरून शोधावी. द्रुतवाहाजवळची वाट बहुधा नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूने जाते, कारण ते अंतर कमी असते. ती पाण्याच्या ओढीपासून सुरक्षित अंतरावर, थोडी वरच सुरू होते.

पण नकाशा लपवितोही पुष्कळ. समोच्चरेषांमधील अंतर १० मीटर असेल तर ८ मीटर उंचीचा उभा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज दडू शकतो. आठ मीटर म्हणजे दुमजली घराहून जास्त! नकाशावर कोरी दिसणारी जागा सपाटच असेल, असे समजू नये.

आज उपग्रहाची छायाचित्रे मिळतात. त्यांत वणव्याचे पट्टे, बीव्हरची तळी, दलदलीचा फिकट रंग हे ओळखता येते. मात्र छायाचित्र कोणत्या वर्षाचे आहे हे पाहावे. आणि झाडांच्या छत्रीखाली किती खोडे आडवी पडली आहेत, ते कोणत्याही उपग्रहाला सहसा दिसत नाही. खिशातील उपग्रह-यंत्र आपण कोठे आहोत ते सांगते. वाट आहे की नाही ते सांगत नाही.

होकायंत्राचीही एक खोड लक्षात ठेवावी. त्याची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे वळते. महाराष्ट्रात हा फरक एक अंशाहून कमी असल्यामुळे आपल्याला तो जाणवत नाही. पूर्व कॅनडात मात्र तो दहा अंशांहून अधिक भरतो. दहा अंशांची चूक करून एक किलोमीटर चाललो तर किती चुकू? दहा अंशांचा स्पर्शगुणक ०.१७६ आहे, म्हणजे सुमारे १७६ मीटर. दाट अरण्यात एवढ्यात सरोवराचे टोकही हुकू शकते!

प्रत्यक्ष जागेवर पोहोचल्यावर प्रथम ओझी खाली ठेवावी आणि मोकळ्या अंगाने वाट पाहून यावी. झाडांच्या बुंध्यांवर कुऱ्हाडीने साल काढून केलेल्या जुन्या खुणा दिसतात. जखम भरत आल्यामुळे त्यांच्या कडा फुगीर झालेल्या असतात. करवतीने सरळ कापलेले जुने खोड दिसले तर वाट सापडली असे समजावे, कारण वारा झाड मोडतो, ते सरळ कापीत नाही. जाताना रंगीत फिती बांधाव्या आणि शेवटच्या खेपेला सोडून घ्याव्या. करवत चालवायची ती आडव्या पडलेल्या खोडांवर, उद्यानाचे नियम पाहून. उभ्या, जिवंत झाडांना हात लावू नये.

वारा आणि थंड पाणी

पोर्टेजला उशीर झाला तर बिघडले कोठे? संध्याकाळी थोडे जास्त वल्हवू, असे कोणी म्हणेल. येथेच खरा धोका आहे.

दोन माणसे १२० किलो, नाव ३० आणि सामान ७०, असे एकूण २२० किलो वजन झाले. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे ही नाव २२० लिटर पाणी बाजूला सारते. ती रुंद आणि उथळ असल्याने पाण्यात १० ते १५ सेंटिमीटरच बुडते. म्हणून ती लहानशा ओढ्यातूनही जाते. पण तिचा बराच भाग पाण्यावर असल्याने वारा तिला सहज ढकलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. शिवाय मोकळ्या पाण्यावर वारा जितका लांबून येतो तितक्या लाटा उंच होतात. सकाळी आरशासारखे असलेले सरोवर दुपारी खवळलेले असते. म्हणून मोठी सरोवरे पहाटे ओलांडावी, एरव्ही काठाकाठाने जावे आणि लाटांचे माथे पांढरे दिसू लागले तर मुकाट्याने काठावर बसावे.

पाण्याची भीती बुडण्यापेक्षाही थंडीची आहे. पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने काढून घेते. मॅनिटोबा विद्यापीठातील शास्त्रज्ञ गॉर्डन गीझब्रेक्ट यांनी यासाठी १-१०-१ असे सूत्र सांगितले आहे. बर्फाइतक्या थंड पाण्यात पडल्यावर पहिले १ मिनिट श्वास अनावर होतो; तो ताब्यात आणायचा. पुढील सुमारे १० मिनिटे हातापायांत काम करण्याजोगी शक्ती असते. त्यात बाहेर पडायचे. त्यानंतर हात लुळे पडतात, आणि सुमारे १ तासात शरीराचे तापमान इतके उतरते की शुद्ध जाते. जीवरक्षक जाकीट अंगात नसेल तर माणूस तो एक तासही जगत नाही. हात थकताच बुडतो.

जून १९७८ मध्ये ऑन्टॅरिओ आणि क्वेबेक यांच्या सीमेवरील टिमिस्कमिंग सरोवरात अशीच दुर्घटना घडली. एका शाळेची २७ मुले आणि ४ मार्गदर्शक चार मोठ्या कनूंतून लांबच्या प्रवासाला निघाले होते. पहिल्याच दिवशी वाऱ्यात नावा उलटल्या. अंगात जीवरक्षक जाकिटे होती, पण पाणी फार थंड होते. १२ मुले आणि १ मार्गदर्शक मरण पावले. ती मुले तुमच्याच वयाची होती. सरोवर ओलांडावे की थांबावे, हा निर्णय वल्हे हातात असताना आणि वेळापत्रक मागे लागलेले असताना नीट होत नाही. थांबण्यासाठी वेळ घरीच, हिशेब करताना, बाजूला ठेवावा लागतो.

आता पूर्ण हिशेब

समजा, चार जणांनी दोन नावांतून ९० किलोमीटर पाणी आणि १० पोर्टेज मिळून ७ किलोमीटर जमीन, असा बेत केला. पहिला हिशेब पाहा. वल्हविण्याचा वेग ताशी साडेचार किलोमीटर, म्हणून २० तास. चालण्याचा वेग ताशी साडेतीन किलोमीटर, म्हणून २ तास. एकूण २२ तास. दिवसाला ६ तास काम केले तर चार दिवसांत प्रवास संपला!

आता खरा हिशेब करू. वाटा मोडलेल्या आहेत असे धरू. प्रथम मोकळ्या अंगाने वाट शोधीत, आडवी खोडे कापीत जायचे. वेग ताशी ०.७ किलोमीटर; ७ किलोमीटरांना १० तास. मग परत यायचे. वेग ताशी अडीच किलोमीटर, २.८ तास. पहिली खेप ओझ्यासह, वेग ताशी दीड किलोमीटर, ४.७ तास. परत, २.८ तास. दुसरी खेप, ४.७ तास. बेरीज २५ तास. प्रत्येक पोर्टेजला सामान उतरविणे-चढविणे वीस मिनिटे, दहा पोर्टेजना सुमारे साडेतीन तास. त्यात वल्हविण्याचे २० तास मिळविले की एकूण साडेअठ्ठेचाळीस तास होतात. दिवसाला ६ तासांप्रमाणे आठ दिवस. वारा आणि पाऊस यांसाठी आणखी दोन दिवस राखून ठेवले, म्हणजे दहा दिवस.

चाराचे दहा झाले! आणि येथेच गोष्ट थांबत नाही. दिवसभर वल्हविणाऱ्या आणि ओझी वाहणाऱ्या माणसाला तीन ते चार हजार किलोकॅलरी लागतात. कोरडा शिधा माणशी दररोज ८०० ग्रॅम धरला तर चार दिवसांना चौघांचे १२.८ किलो होतात आणि दहा दिवसांना ३२ किलो. म्हणजे १९ किलो वजन वाढले. वजन वाढले की चाल मंदावते. चाल मंदावली की दिवस वाढतात. दिवस वाढले की शिधा वाढतो! या चक्रातून सुटायचे तर शिधा निवडताना वजन पाहावे लागते. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९ किलोकॅलरी देतो, पिठूळ पदार्थ ४. म्हणूनच जुने नावाडी वाळविलेले मांस चरबीत कालवून केलेले 'पेमिकन' नेत. आजचा प्रवासी शेंगदाणे, सुकामेवा, तूप-लोणी नेतो. पाणी मात्र वाहावे लागत नाही. ते सरोवरातच असते. जंतूंच्या भीतीने ते उकळून मगच प्यावे.

हा हिशेब जमत नसेल तर तीन गोष्टी करता येतात. मार्ग लहान करणे, ओझे कमी करणे, किंवा दिवस वाढविणे. चौथी गोष्ट, म्हणजे 'होईल कसेतरी' असे म्हणणे, ही करता येत नाही.

कोठून परतायचे?

चांगल्या बेतात पुढे जाण्याच्या वेळापत्रकाबरोबर परतण्याचीही जागा ठरलेली असते. उदाहरणार्थ, 'चौथ्या दिवशी दुपारपर्यंत तिसरे पोर्टेज ओलांडले नाही, तर आलो त्याच वाटेने परत फिरायचे.' हे घरीच लिहून ठेवावे आणि सर्वांनी मान्य करावे. कारण चार तास घाम गाळून वाट कापल्यावर परत फिरण्यास मन तयार होत नाही. बेताची एक प्रत घरच्या माणसाजवळ ठेवावी. त्यात मार्ग, मुक्काम, परतण्याची तारीख आणि कोणत्या तारखेनंतर मदत बोलवायची, हे सर्व असावे. आज उपग्रहामार्फत संकटाची हाक पाठविणारी लहान यंत्रे मिळतात. ती जरूर न्यावी. पण हाक क्षणात पोहोचली तरी मदत यायला कित्येक तास, खराब हवेत त्याहूनही जास्त लागतात, हे विसरू नये.

एक गोष्ट मात्र आनंदाची आहे. ज्याने आज चार तास खपून वाट साफ केली, त्याच्या मागून येणाऱ्याला ती सव्वा तासात पार करता येते. यांतील कित्येक वाटा शेकडो वर्षे चालत्या राहिल्या त्या अशाच, प्रत्येकाने पुढच्यासाठी थोडेसे काम केले म्हणून.

करून पाहा

आपल्याकडे कनू नाही, पण मोडलेल्या वाटा आहेत. पावसाळ्यानंतर सह्याद्रीतील एखाद्या गडाची वाट गवत-कारवीत हरवून जाते, हे गिर्यारोहणाला जाणारे विद्यार्थी जाणतात. पुढच्या सहलीच्या आधी शिक्षकांसह नकाशावर अंतर मोजा, समोच्चरेषांवरून चढ काढा, लागणारा वेळ वहीत लिहा. नंतर प्रत्यक्ष किती वेळ लागला तोही शेजारी लिहा. दोन्ही आकड्यांत किती फरक पडला? तो का पडला, याची कारणे शोधा.

जाता जाता एक उदाहरण. पाच ओझी आहेत आणि वाहणारे दोघे आहेत. एकावेळी प्रत्येकजण एकच ओझे नेऊ शकतो. पोर्टेज ८०० मीटरांचे आहे. प्रत्येकाला कमीत कमी किती चालावे लागेल? दोघांनाही सारखेच चालावे लागेल का? आणि एक ओझे घरीच ठेवले, तर किती चाल वाचेल? उत्तर काढा, म्हणजे अनुभवी प्रवासी निघण्यापूर्वी पिशवीत काय घालायचे याहून काय काढायचे याचा जास्त विचार का करतो, ते तुमच्या ध्यानात येईल.